चिटणीसांची तपासणी

आपल्या सत्तेखालील वस्तूंची प्रदर्शने भरवून मनुष्य थांबला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. फुलांचे प्रदर्शन भरते, कारण फुलाला हरकत घेता येत नाही. बैलांचे भरते, कारण बैलाचा बाजारभाव त्यावर ठरतो आणि ज्याचा बाजारभाव ठरावयाचा असतो त्याची संमती विचारण्याची चाल जगात कोठेच नाही. आणि कुत्र्याचे भरते, कारण परीक्षा देणे ही त्या प्राण्याची जन्मजात हौस आहे. परंतु एवढ्यावर संतुष्ट न राहता, ज्या प्राण्याने आजवर कोणाचाही हुकूम पुरता ऐकून घेतल्याचा दाखला नाही, त्या मार्जाराला पिंजऱ्यात बसवून, परक्या माणसाच्या हाती देऊन, त्याच्या गुणावगुणांची रीतसर नोंद करण्याचा घाट ज्याने प्रथम घातला, त्याच्या धैर्यापुढे कोणाही सरकारी नोकराने नम्र व्हावे. असली प्रदर्शने विलायतेत वर्षभर भरतात, त्यांत कुलीन मांजरांप्रमाणेच तुमच्याआमच्या घरच्या गावठी मांजरांनाही प्रवेश असतो, आणि अशा एका गावठी मांजरास पहिल्या प्रदर्शनासाठी सिद्ध करण्याचे काम माझ्या वाट्याला आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. माझी लेक व जावई इंग्लंडच्या मध्यभागातील एका गावी स्थायिक झालेले असून, उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊन राहावे, नातीकडून परवचा म्हणवून घ्यावा आणि तिथल्या उन्हाला लोक ऊन का म्हणतात याचा विचार करीत खिडकीशी बसावे, असा माझा परिपाठ आहे. त्या घरी अनाथ मांजरांच्या आश्रयगृहातून आणलेला एक बोका आहे. त्याचे नाव चिटणीस. हे नाव मीच ठेवले. कारण घरात कोठेही कागद पसरला, मग तो विजेच्या बिलाचा असो, नातीच्या गणिताचा असो अथवा जावयाच्या कर्जाच्या दरखास्तीचा असो, की तो कोठूनसा येऊन त्या कागदाच्या नेमक्या मध्यावर बैठक मारतो आणि स्वतःला योग्य वाटेपर्यंत तो कागद पुढे सरकू देत नाही. हे नाव पडल्यापासून घरातील मंडळी त्याचा उल्लेख आदरार्थी करू लागली, आणि पुढील मजकुरात मीही तोच रिवाज पाळणार आहे. चिटणीसांचा वर्ण राखी, त्यावर काळे पट्टे. पट्टेवाल्या बहुतेक मांजरांच्या असते तशी कपाळावर इंग्रजी एम् अक्षराची रेघ. आणि आश्रयगृहात येण्यापूर्वीच्या आयुष्यात, ज्याविषयी ते कधी बोलत नाहीत, झालेल्या कोणत्याशा तंट्याची खूण म्हणून डाव्या कानाची कड फाटलेली.

प्रदर्शनाची कल्पना नातीची, तिला संमती लेकीची, आणि कागदपत्रे माझ्याकडे, अशी कामाची वाटणी आपोआपच झाली. प्रवेशाचा अर्ज मी प्रथम वाचला तेव्हा, खोटे कशाला बोला, मला आपल्या लोकांत आल्यासारखे वाटले. इतके रकाने मी निवृत्तीनंतर पाहिलेच नव्हते. कुलीन मांजरांच्या विभागात जन्मतारीख, जात, नोंदणीक्रमांक, पित्याचे नाव, मातेचे नाव व उत्पादकाचे नाव हे सर्व लागते, आणि ज्या संस्थेच्या नियमांनी ही प्रदर्शने चालतात ती ‘गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी’ १९१० पासून या वंशावळींची दप्तरे सांभाळीत आली आहे. आमच्या घरी आमच्या आडनावाचा कुलवृत्तान्त कपाटात आहे, त्यात माझेही नाव योग्य त्या शाखेखाली छापलेले आहे. परंतु त्याच्या आधारावर मला आजवर कोणी चहादेखील पाजलेला नाही, आणि येथे एखादी पर्शियन मांजरी केवळ आजीच्या पुण्याईवर निम्मे काम करून येते, हे पाहून थोडा विषाद वाटला. शिवाय प्रत्येक जातीचे एक प्रमाणपत्रक ठरलेले असून त्यात डोके, कान, डोळे, लव, शेपूट यांना वेगवेगळे गुण देऊन एकूण बेरीज १०० केलेली असते. सयामी मांजराच्या शेपटीला गाठ असली अथवा डोळे तिरळे असले तर तो दोष धरतात. चिटणीसांसाठी यांतले काहीच नव्हते. घरगुती विभागात बाप विचारीत नाहीत, आई विचारीत नाहीत, नाकाची लांबी मोजीत नाहीत. फाटका कानही चालतो. वयात आलेले मांजर खच्ची केलेले असावे, एवढी एक अट आहे, आणि ती चिटणीसांनी आश्रयगृहातच, अर्थात स्वतःच्या इच्छेविरुद्ध, पुरी केलेली होती. परीक्षकाने पाहावयाचे ते इतकेच: मांजर स्वच्छ आहे काय, निकोप आहे काय, दिसावयास बरे आहे काय, आणि स्वभावाने शांत आहे काय.

हा विभाग कुलीनांच्या पंगतीबाहेर मांडलेले पान आहे, असा कोणाचा ग्रह होईल तर तो इतिहासाला धरून नाही. मांजरांचे पहिले मोठे रीतसर प्रदर्शन हॅरिसन वेअर नावाच्या एका प्राणिचित्रकाराने १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरविले. या गृहस्थाचे मनोगत असे होते की, घरोघर शेकोटीपुढे बसणाऱ्या साध्या मांजराकडे लोकांनी जरा निरखून पाहावे, त्याच्या रूपाची कदर करावी, आणि त्याला लाथाडणे सोडावे. गुण देण्याची पत्रकेही त्यांनीच तयार केली. परीक्षकांत ते स्वतः होते, त्यांचे सख्खे बंधू होते, आणि प्रदर्शनात त्यांची स्वतःची ‘ओल्ड लेडी’ नावाची वृद्ध मांजरीही होती. आमच्या खात्यात एवढ्यावर खातेनिहाय चौकशी लागली असती, पण त्या काळच्या लोकांचा एकमेकांवर विश्वास असे. पुढे १८८७ मध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ निघाला, त्याचे पहिले अध्यक्षपद वेअरसाहेबांकडे आले, १८८९ मध्ये त्यांनी मांजरांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि मग सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांचीच गोडी अधिक, असे दिसून आल्यावर या सद्‌गृहस्थाने त्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले लुई वेन, मांजरांना कोट-टोपी घालून चहा पीत बसलेली दाखविणारे प्रसिद्ध चित्रकार. म्हणजे ज्याला मांजर मांजरासारखे दिसावे असे वाटत होते तो गेला, आणि ज्याला ते माणसासारखे दिसत होते तो आला. एकंदरीत, चिटणीसांसारख्यांसाठी मांडलेल्या पंगतीत कुलीन मंडळी मागाहून येऊन बसली, असे म्हणणेच न्यायाचे होईल.

तपासणीची पूर्वतयारी हा माझ्या हयातभराच्या नोकरीचा विषय. वरिष्ठ यावयाचे ठरले की कचेरीत प्रथम धूळ झाडावी, मग जुनी प्रकरणे नजरेआड करावी, आणि शेवटी शिपायापासून पेशकारापर्यंत प्रत्येकास ‘विचारल्याखेरीज बोलू नये’ अशी ताकीद द्यावी, हा त्या तयारीचा क्रम. चिटणीसांच्या बाबतीतही याच क्रमाने जावे, असे मी कुटुंबाच्या सभेत सुचविले व ते बिनविरोध मंजूर झाले. चिटणीस त्या सभेच्या टिपणावर बसलेले होते.

पहिले कलम टोचणीचे. आंत्रशोथ आणि मांजरांचा फ्लू या दोन रोगांवरील लशींचा दाखला प्रदर्शनाच्या दारात दाखवावा लागतो. तो पशुवैद्याकडून मिळविण्यात विशेष अडचण आली नाही. मात्र तेथील बाई दर वेळी ‘मिस्टर चिट-नाइस’ असा पुकारा करीत आणि माझा जावई उठून उभा राही. दुसरे कलम नखांचे. मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार अशी एकंदर १८ नखे असतात. बोटाखालची गादी हलकेच दाबली म्हणजे नख म्यानातून बाहेर येते. त्याच्या मुळाशी गुलाबी झाक दिसते तो जिवंत भाग, त्यास धक्का न लावता पुढचे पारदर्शक टोक तेवढे छाटावयाचे. हे सर्व नात पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवीत होती, जावईबापूंनी टॉवेलात गुंडाळलेले चिटणीस मांडीवर घेतले होते, आणि लेकीच्या हाती नखकात्री होती. एकरकमी वसुली होत नाही हे पहिल्या संध्याकाळीच ध्यानात आल्यामुळे मी हप्तेबंदी करून दिली: रोज जेवणानंतर चिटणीसांना पेंग आली की दोन-तीन नखे घ्यावीत, पावती देऊ नये, आणि कोणी विचारल्यास कानांवर हात ठेवावेत. या धोरणाने बाकी पुरी वसूल झाली. शेवटचे नख कापले गेले तोवर पहिली थोडी वाढली होती, पण असे जमाबंदीतही होते.

तिसरे व कळीचे कलम स्वच्छतेचे. आखूड लवेच्या मांजराला पाण्याने न्हाऊ घालण्याची सहसा गरज नसते, आणि भिजलेल्या मांजराची मुद्रा कोणत्याही परीक्षकास अनुकूल नसते. म्हणून या देशात कोंड्याच्या स्नानाची एक जुनी रीत आहे. गव्हाचा कोंडा भट्टीत कोमट करावा, हाताच्या पाठीवर टाकून चटका बसत नाही ना हे पाहावे, मूठमूठ घेऊन लवेच्या उलट दिशेने मुळापर्यंत चोळावा आणि मग ब्रशाने झाडून काढावा. अंगावरची चिकट मळी कोंड्याबरोबर निघून येते. कोंड्याचा मांडा करून खाणाऱ्यांच्या मुलखातून मी आलो असल्यामुळे, कोंड्याने बोका उजळतो हे ऐकून मला प्रथम हसू आले. चिटणीसांना न्हाणीघरात आणावे कसे, या प्रश्नावर घरात बराच खल चालला होता. लेक म्हणे, टॉवेलात आणू. जावई म्हणे, खाऊ दाखवू. तेवढ्यात कोंडा सांडू नये म्हणून टबात मी वर्तमानपत्र अंथरले, आणि दार उघडून बाहेर पाहतो तो चिटणीस स्वतःच्या पायांनी आत शिरून अग्रलेखावर जाऊन बसले. पुढची अर्धी घटका ते तेथून हलले नाहीत. त्यांच्या पाठीवर, पोटावर, मानेखाली कोमट कोंडा चोळला जात होता, त्यांच्या कानांच्या टोकांवर पिवळसर भुकटी बसली होती, मिशीच्या एका केसावर कोंड्याचे एक साल अडकून श्वासाबरोबर थरथरत होते; परंतु कागद आपल्या ताब्यात आहे या एका समाधानापुढे त्यांना देहाची शुद्ध नव्हती.

कोंडा झाडल्यावर लवेला तकाकी यावी म्हणून ती मऊ कातड्याने किंवा रेशमाने पुसतात. घरात मऊ कातडे नव्हते. रेशीम म्हणावे असे एकच वस्त्र होते, ते म्हणजे माझा मुकटा. परदेशी गेलो तरी निदान चतुर्थीची पूजा सोवळ्यात व्हावी, एवढ्यासाठी मी तो बरोबर नेला होता. लेकीने तो कपाटातून काढताना “बाबा, फक्त टोक घेते हो,” म्हटले. टोकाने सुरुवात झाली आणि काठापर्यंत गेली. चिटणीस चकाकले, इतके की खिडकीतला उजेड त्यांच्या पाठीवर पडून घसरू लागला. मुकट्याला मात्र राखी केसांची अशी काही किनार लागली की, सोवळ्याच्या दृष्टीने त्या वस्त्राचा निकाल करण्यास धर्मशास्त्रात कोठे आधार आहे काय, हे मी अजून शोधीत आहे.

यानंतर सामानाची जुळवाजुळव. पिंजऱ्यातले मांजर कोणाचे हे परीक्षकास कळू नये, म्हणून या प्रदर्शनांचा रूढ नियम असा की, आत घालावयाची सर्व वस्त्रपात्रे पांढरी असावीत: घोंगडी पांढरी, पाण्याचे वाडगे पांढरे, लिटर ट्रे पांढरा. गळ्यात पट्टा नको, दागिना नको, नाव तर नकोच. मांजराला काय तो पिंजऱ्याचा क्रमांक. वशिल्याला एवढा कडेकोट बंदोबस्त मी सरकारी खात्यातही पाहिला नव्हता. अडचण इतकीच, की सध्याच्या घरांतून पांढरा रंग हद्दपार झालेला आहे. लेकीच्या घरी मलईचा रंग होता, मोतिया होता, हस्तिदंती होता, चंद्रप्रकाशाचा म्हणून काही विकत घेतलेला होता, आणि यांपैकी एकही पांढरा नव्हता. अखेर पेठेत जाऊन सर्व वस्तू नव्या आणाव्या लागल्या. त्या घरात आल्यावर त्यांवर एकही राखी केस न पडू देता त्या प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत टिकवून धरणे, हे एक स्वतंत्र खाते होऊन बसले व त्याचा कारभार नातीकडे गेला. तिने त्या कपाटाच्या दारावर ‘चिटणीसांना मज्जाव’ अशी मराठीत पाटी लावली. चिटणीस त्या पाटीवर बसू शकले नाहीत, कारण ती उभी होती.

परंतु ही सर्व तयारी बाह्य. खरा प्रश्न स्वभावाचा. परीक्षक हा परका मनुष्य. तो मांजराला उचलणार, उलटेपालटे पाहणार, कान मुडपणार. त्या वेळी मांजराने ओरबाडले अथवा दात दाखविले तर रूप, लव, वजन सर्व वाया. म्हणून मांजराला पेटीची, पिंजऱ्याची व परक्या हाताची सवय आधीच करून द्यावी, असा जाणत्यांचा सल्ला असतो. प्रवासाची पेटी बैठकीच्या खोलीत उघडी ठेवली, तीत घोंगडीचा तुकडा घातला, आणि चिटणीसांनी ती आपणहून स्वीकारावी म्हणून तिच्यात एक जुने बँकेचे पत्र ठेवण्याची युक्ती मी सुचविली. ती तत्काळ फळास आली. परक्या हातांसाठी मात्र परकी माणसे लागणार. त्या गावी मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांना एका रविवारी चहाला बोलाविले. सत्यनारायणाला आल्यासारखी मंडळी नेसूनसवरून आली, चिवडा-लाडू झाले, आणि मग लेकीने चिटणीसांना मध्ये आणून प्रत्येकाने त्यांना एकदा उचलावे अशी विनंती केली. कोणी दोन हातांनी उचलले, कोणी खोळीत घेतल्यासारखे, कोल्हापूरकडच्या एक बाई “अगं बाई, केवढं हे धूड! खायला काय घालतेस याला?” असे म्हणून त्यांना तेथल्या तेथे खाली ठेवत्या झाल्या, आणि नागपूरकडच्या एका गृहस्थांनी कपाळाला कुंकू लावणार की काय असे विचारले.

आपल्या तत्त्वज्ञांनी भक्तांचे दोन प्रकार सांगितले आहेत. वानरीचे पिलू आईच्या पोटाला स्वतःच्या बळाने घट्ट धरून राहते, तो मर्कटकिशोरन्याय. आणि मांजराचे पिलू अंग सैल सोडून आईच्या दातांत लोंबत राहते, नेईल तिथे जाते, तो मार्जारकिशोरन्याय. संपूर्ण शरणागतीचा हा दृष्टान्त देताना आचार्यांनी पिलावरच का थांबावे, हे मला त्या रविवारी समजले. चिटणीस प्रत्येक पाहुण्याच्या अंगावर मर्कटकिशोरन्यायाने चढत होते. कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या शालीवर, कोणाच्या, केस असते तर, केसांवर. चावले कोणाला नाहीत. परंतु शरणागतीचा मागमूसही नव्हता. जाताना मंडळींनी आशीर्वाद दिला तो चिटणीसांना नव्हे, आम्हांला दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे निघालो. चिटणीस आडवे जाण्याच्या स्थितीत नव्हते, त्यामुळे शकुनाच्या बाजूने सर्व ठीक होते. गाडी सुरू होताच पेटीतून एक दीर्घ, तक्रारीचा, मधूनमधून सूर बदलणारा आवाज येऊ लागला. त्यांचे चित्त शांत व्हावे म्हणून मी रामरक्षा म्हटली. तिने माझे चित्त शांत झाले.

प्रदर्शन एका सार्वजनिक क्रीडागृहात होते. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आखलेल्या, त्यांवर घडीच्या टेबलांच्या लांबच लांब रांगा, आणि टेबलांवर सुमारे दोन-दोन फुटांचे जाळीचे पिंजरे. सर्वत्र जंतुनाशकाचा वास. दाराशी पशुवैद्याने प्रत्येक मांजराची रुजवात घेतली: डोळे पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, कान आतून पाहिले, लव फुंकून पिसवांची काळी घाण आहे काय ते पाहिले, आणि शेपूट उचलून तेथेही पाहिले. आतल्या बाजूस कुलीनांची सिद्धता चालली होती. पर्शियन मांजरांच्या गालांवरची लव विंचरून अशी फुलविलेली होती की चेहरा शोधावा लागे. त्यांच्या मालकिणी घडीच्या खुर्च्या, थर्मास व विणकाम घेऊन ठाण मांडून बसलेल्या होत्या आणि एकमेकींशी अत्यंत गोड बोलत होत्या. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. पण येथे मांजरालाच साक्ष कोण, असा प्रश्न पडावा अशी ती गोडी होती.

नातीने पिंजरा पुसला, घोंगडी अंथरली, वाडगे ठेवले, ट्रे ठेवला. चिटणीसांना आत सोडले. त्यांनी घोंगडीचा वास घेतला, वाडग्याचा वास घेतला, जाळीतून शेजारच्या पिंजऱ्यातील लाल बोक्याकडे एकदाच पाहिले. आणि मग इतक्या पैशांच्या, इतक्या जिवापाड जपलेल्या त्या शुभ्र घोंगडीला वळसा घालून ते लिटर ट्रेमध्ये जाऊन बसले. उभे राहिले नाहीत, काही केलेही नाही. नुसते पाय दुमडून, मातीत पोट टेकून, डोळे मोठे करून बसले. भ्यालेली मांजरे प्रदर्शनात असे करतात, त्यात काही विशेष नाही, अशी माहिती शेजारच्या बाईंनी दिली. कोंडा, ब्रश आणि माझा मुकटा या त्रयीने मिळविलेली तकाकी आमच्या डोळ्यांदेखत मातीला मिळत होती; तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून मालकांनी बाहेर जावे असा हुकूम सुटला.

वरच्या सज्जातून खालचे दिसत होते. पांढरा अंगरखा घातलेल्या एक परीक्षक बाई, त्यांच्याबरोबर चाकांचे छोटे टेबल ढकलीत एक मदतनीस. दर मांजरानंतर दोघांनी हात जंतुनाशकाने धुवावयाचे. चिटणीसांचा पिंजरा आला. मदतनिसाने हात आत घातला. आम्ही श्वास रोखले. चिटणीस वर आले ते कसे? चारही पाय खाली लोंबते, मान ढिली, शेपूट लंबकासारखी स्थिर, आणि अंगावरून मातीचे कण टपटप टेबलावर पडताहेत! रविवारच्या चहात जो न्याय त्यांना समजला नव्हता, तो आचार्यांना अभिप्रेत होता त्याहूनही शुद्ध स्वरूपात ते आचरीत होते. बाईंनी पाठीवरून हात फिरविला, डोळे पाहिले, फाटका कान बोटांत धरून किंचित हसल्या, वहीत काही लिहिले. चिटणीस परत ट्रेमध्ये.

निकालाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली: घरगुती विभागाच्या आमच्या वर्गात चिटणीस दुसरे. निळे कार्ड! नात नाचली, लेकीने डोळे टिपले, जावयाने छायाचित्रे घेतली. मला आनंद झाला नाही असे नाही. परंतु त्या आनंदात एक जुनी ओळख मिसळली होती. आमच्या कचेरीत साहेब तपासणीला आले म्हणजे असेच होई. एरवी टेबलावर पाय टाकून बसणारा कारकून त्या दिवशी पुतळ्यासारखा उभा राही, आवाज निघत नसे, नजर वर होत नसे; आणि साहेब शेरा मारीत की कचेरीत शिस्त उत्तम आहे. ती शिस्त नसे, ती भीती असे. पण तपासणाऱ्याच्या बाजूने पाहता दोहोंचा चेहरा एकच दिसतो. म्हणूनच मला वाटते की, स्वभावाची परीक्षा ही या जगात कोणालाही, वरिष्ठाला, सासऱ्याला किंवा मांजरांच्या परीक्षकाला, घेता येत नाही. कारण परीक्षा सुरू झाली की स्वभाव ट्रेमध्ये जाऊन बसतो, आणि परीक्षकाच्या हाती जे लोंबत येते ते दुसरेच काही असते.

याचा पुरावा दुपारी मिळाला. सार्वजनिक प्रेक्षकांना आत सोडले, नातीने खाऊ दिला, आणि पिंजऱ्याच्या दर्शनी भागी निळे कार्ड अडकविले गेले. कागद पाहताच चिटणीसांच्या डोळ्यांतली भीती ओसरू लागली. ते ट्रेमधून उठले, अंग झटकले, जाळीजवळ आले. एक पंजा गजांमधून बाहेर घातला, नुकत्याच छाटलेल्या नखांना जेवढे शक्य होते तेवढ्या चिकाटीने कार्डाचा कोपरा ओढला, तो निसटला, पुन्हा ओढला, आणि वाकलेले, चुरगळलेले ते बक्षिसपत्र आत घेऊन, घोंगडीच्या मधोमध ठेवून त्यावर ते बसले. अशा प्रदर्शनांत दुपारी काही हौशी वर्गही असतात. त्यांतला एक मोठा गमतीचा, ‘परीक्षकास स्वतःच्या घरी न्यावेसे वाटेल असे मांजर’. त्या वर्गात नातीने चिटणीसांचे नाव घातले होते. दुसरे परीक्षक आले, वयस्क, हसतमुख गृहस्थ. मदतनिसाने उचलण्यासाठी हात आत घातला, तो चिटणीसांनी कान मागे पाडून असा काही फूत्कार टाकला, आणि पाठोपाठ अशी एक सणसणीत चापट ठेवून दिली, की परीक्षकांनी हसत हसत हात मागे घ्यावयास सांगितले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. घरी न्यावेसे वाटण्याचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. त्या क्षणी चिटणीस आमचे वाटत होते. त्यांना त्या गृहस्थांनी मागितले असते तर आम्ही दिले नसते.

काही आठवड्यांनी परीक्षकांचे छापील अभिप्राय आले. चिटणीसांविषयी मजकूर असा होता की, मांजर उत्तम वजनाचे, स्वच्छ, लव तकतकीत, स्वभाव अत्यंत शांत व हाताळण्यास सोपा. नातीने विचारले, “आजोबा, हे खोटं आहे ना?” मी उभी हयात लोकांना सांगत आलो की, प्रत्यक्षात काय घडले ते निराळे, दप्तरी काय नोंदले ते निराळे, आणि दोहोंत विरोध आल्यास ग्राह्य धरावयाचे ते दप्तर. जमिनीत विहीर असो वा नसो, सातबाऱ्यावर आहे म्हणजे ती आहे, असे मी कितीतरी शेतकऱ्यांच्या तोंडावर सांगितले आहे. तेव्हा तिला सांगितले की, बाळ, चिटणीस शांत आहेत, कारण तशी नोंद झाली आहे. फेरफार करून घ्यावयाचा असेल तर अर्ज त्यांनी स्वतः केला पाहिजे. मग तो अभिप्राय फाइलला लावण्यासाठी मी मागितला, पण तो मिळाला नाही. चिटणीस त्यावर बसले होते.